नोंद नसलेलं दुःख

कलात मगूना हे मोरोक्कोतलं गुलाबांचं गाव. मे महिन्यात दादेसच्या खोऱ्यात फुलं वेचतात, गुलाबपाणी काढतात, उत्सव भरतो. याच गावच्या जुन्या गढीत पश्चिम सहारातून उचलून आणलेली माणसं वर्षानुवर्षं कोंडली होती. घरच्यांना पत्ता नाही, कोर्टात खटला नाही. अशा गुप्त कोठड्यांमधून १९९१च्या जूनमध्ये तीनशेहून अधिक सहरावी, म्हणजे पश्चिम सहाराची माणसं, जिवंत बाहेर आले. त्यांत बायकाही होत्या. जे आलेच नाहीत, त्यांच्यासाठी हा शोक.

१९७५-७६ साली स्पेननं पश्चिम सहारातून पाय काढला, मोरोक्को आत शिरला, पुरुष पोलिसारिओ या स्वातंत्र्यवादी संघटनेकडून लढायला गेले. अल्जीरियात तिंदूफच्या उजाड माळावर तंबूंचा संसार मांडला तो बायकांनी. शाळा त्यांनी चालवल्या, दवाखाने त्यांनी, शिधा वाटला त्यांनी. छावण्यांना नावं दिली हातून गेलेल्या गावांची : लायून, स्मारा, दाखला. मधे मोरोक्कोनं सुमारे २,७०० किलोमीटर लांब वाळूचा तट घातला आणि सुरुंग पेरले. तटाच्या अलीकडे लेक, पलीकडे आई. आई गेली तरी मातीला जाता येईना.

१९८७ साली संयुक्त राष्ट्रांचं पथक मोरोक्कोच्या ताब्यातल्या लायून शहरात येणार होतं. त्याच्यापुढे गाऱ्हाणं मांडायची तयारी चालली असतानाच विशीतल्या सहरावी कार्यकर्त्या अमिनातू हैदर यांना उचललं. जवळपास चार वर्षं त्या बेपत्ता होत्या, डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या. २००७ साली विद्यार्थ्यांच्या निदर्शनांत पोलिसांच्या मारानं दुसऱ्या सहरावी कार्यकर्त्या सुलताना खाया यांचा एक डोळा गेला. २०२०च्या नोव्हेंबरपासून वर्षाहून अधिक काळ बुजदूरच्या राहत्या घरातच त्यांना डांबलं. घरात घुसून आपल्यावर आणि बहिणीवर अत्याचार झाले, हे त्यांनी जगाला तोंड उघडून सांगितलं.

संयुक्त राष्ट्रांचं मिनुर्सो पथक १९९१पासून तिथंच आहे. ते पश्चिम सहाराच्या भवितव्यावरच्या सार्वमतासाठी आलं. सार्वमत आजवर झालं नाही. शस्त्रसंधीवर लक्ष ठेवायचं त्याला सांगितलं, माणसांच्या हक्कांवर नाही. २०१३ साली तो अधिकार देण्याची सूचना अमेरिकेनं मांडली. मोरोक्कोनं अमेरिकेबरोबरचा संयुक्त लष्करी सराव रद्द केला आणि सूचना मागे पडली. २०१५नंतर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्तांच्या पथकालाही या प्रदेशात पाऊल टाकू दिलेलं नाही. तटापलीकडे छावण्यांतही हीच गत. स्पेनमध्ये वाढलेल्या सज्ञान तरुणी नातलगांना भेटायला आल्या आणि घरच्यांनी त्यांना परत जाऊ दिलं नाही. त्यांच्या बाजूनंही नेमानं विचारपूस करणारं तिऱ्हाईत कुणी नव्हतं.

आपल्या देशानं १९८५ साली सहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली, २००० साली काढून घेतली. मान्यतेचं राजकारण काहीही असो, या बायकांची विचारपूस सोडायचं कारण नव्हतं.

बायांनो, तुमच्या दुःखाला साक्षीदार मिळाला नाही, कारण तो पाठवायचा नाही असं ठरवलं गेलं. दर वर्षी, संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधल्या सभागृहात, हात वर करून. जमिनीचा निवाडा व्हायला अजून पिढ्या लागतील. पण मारलेल्या बाईचं नाव, जागा, तारीख लिहून घ्यायला कुठलाही निवाडा लागत नाही. ते लिहून घ्यायला जो नकार देतो, त्याचा तुमच्या मरणात वाटा आहे.