घाबरावं, पण कुणाला?

सापाची भीती म्हणजे निव्वळ अडाणीपणा, असं म्हणून हात झटकता येत नाहीत. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावल्याचा अंदाज आहे, त्यांतली बहुतेक खेड्यांतली. भीती खरीच आहे. चुकतो तो तिचा नेम. सरसकट काठी उचलली की उंदीर खाणारी बिनविषारी धामण मरते, आणि मण्यार मात्र रात्री जमिनीवरच्या अंथरुणात शिरते. मण्यार समजून जीव जातो तो बिचाऱ्या कवड्याचा. त्याचे पट्टे मानेकडे ठळक, शेपटीकडे पुसट. मण्यारीचे नेमके उलटे.

‘अंधारात पट्टे बघत कोण बसणार?’ हा आक्षेप रास्त आहे. बघूच नयेत, मागे सरावं, सर्पमित्राला बोलवावं. सापांची माहिती हवी ती सवयी बदलायला: हातात बॅटरी, पायात बूट, नीट खोचलेली मच्छरदाणी. दंश झालाच तर मांत्रिक नको, थेट सरकारी दवाखाना. तिथली लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्याही विषावर चालते. नागपंचमीच्या दुधाला मात्र मी आदर म्हणणार नाही, कारण दूध हा सापाचा आहारच नव्हे. बांधावरून धामण निघाली असेल तर तिला जाऊ द्यावं. उंदरांच्या बिळांत तिला भरपूर काम आहे.