दुरून दिसावा, पण दिसावा

हत्ती बघायला कुठं जायचं, हा प्रश्न कोल्हापूरच्या माणसाला 2025 च्या जुलैनंतर साधा राहिलेला नाही. आधी तो सुट्टी, बजेट आणि गाडीत किती जण मावतात एवढ्यावर सुटायचा. आता आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी 'हत्ती' एवढं लिहिलं तरी दोन तट पडतात.

झालं असं, की डिसेंबरच्या सुट्टीत सगळ्या भावंडांनी मिळून फिरायला जायचं ठरलं आणि सात वर्षांच्या भाचीनं एकच अट घातली. हत्ती पाहिजे. चित्रातला नाही, खराखुरा. आणि त्याला आंघोळ घालायची, कारण तिनं तशी रील बघितली होती. शोधाशोध माझ्याकडं आली. आयटीतला माणूस घरात असला की प्रिंटर बिघडण्यापासून सहलीच्या बुकिंगपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात येतं. मी एक शीट उघडली आणि ठिकाणं भरायला लागलो. दुबारे, सक्रेबैलू, कमलापूर, मथुरा, आणि एका भावाच्या हट्टाखातर थायलंड.

ग्रुपवर आमची आत्याही आहे. ती शिरोळ तालुक्यात राहते, आणि 3 ऑगस्टच्या मोर्चात ती चालली होती.

तो मोर्चा कशाचा होता हे बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. नांदणीच्या जैन मठात 1992 पासून महादेवी नावाची हत्तीण होती. लोक तिला माधुरीही म्हणायचे. तिच्या तब्येतीच्या तक्रारींवरून प्रकरण उच्चाधिकार समितीकडं आणि तिथून कोर्टात गेलं. तिला जामनगरच्या 'वनतारा'मध्ये हलवायचा निर्णय 16 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयानं कायम ठेवला, सर्वोच्च न्यायालयानंही तो बदलला नाही आणि महिनाअखेरीस ती गेली. तिला निरोप देताना गावच्या गाव रडताना सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं. नंतर दोन लाखांवर सह्या गोळा झाल्या, लोकांनी धडाधड जिओची सिमं पोर्ट केली आणि नांदणीपासून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत सुमारे 45 किलोमीटर माणसं पायी चालली.

आत्याला हत्ती नवा नाही. तिच्या तालुक्यात खिद्रापूरला कोपेश्वराचं देऊळ आहे, आणि ते देऊळ दगडी हत्तींच्या रांगेनं पाठीवर तोलून धरलंय. कोल्हापूर शहरात साठमारी नावाचा भाग आहे. संस्थानच्या काळात तिथं माजावर आलेल्या हत्तीला डिवचून त्याच्यापुढं पळायचा खेळ चालायचा. जोतिबाच्या डोंगरावर सुंदर नावाचा हत्ती होता, तोही कोर्टाच्या आदेशानं 2014 साली बंगळूरुजवळच्या बन्नेरघट्टाला गेला. म्हणजे आमच्याकडं हत्तीचा मान पुष्कळ. पण या सगळ्यात तो कुठंतरी उभा आहे, कशाचं तरी ओझं घेऊन, आणि आपण त्याच्याभोवती जमलोय.

शीट भरताना मला पहिल्यांदा हेच खटकलं. कुठल्याही ट्रॅव्हल साइटवर जा, हत्तीच्या ठिकाणाची माहिती 'तिथं काय करायला मिळतं' यापासून सुरू होते. आंघोळ घालता येते का, केळी भरवता येतात का, सोंडेसोबत फोटो मिळतो का. रिव्ह्यूमधले तारेसुद्धा त्यावरच ठरतात. कावेरीकाठचं दुबारे प्रसिद्ध आहे ते याच आंघोळीसाठी. हत्ती स्वतः काय करतो याचा रकाना कुठंच नाही.

आंघोळीचंच बघू. हत्तीला अंघोळ आवडते यात शंका नाही. पण ती तो स्वतःची स्वतः करतो, आणि लगेच अंगावर माती उडवून घेतो. ती माती त्याचं ऊन आणि किडे यांच्यापासूनचं संरक्षण असते. रीलमध्ये दिसतं ते निराळं असतं. तीनएक टनांचं जनावर एका कुशीवर पडून राहतं आणि अनोळखी माणसं त्याला ब्रशनं घासतात. एक तुकडी झाली की दुसरी. एवढा वेळ ते हलत नाही, कारण हलायचं नाही हे त्याला कधीतरी शिकवलंय. कसं शिकवलं असेल, हे अंकुश हातात धरून उभ्या माणसाकडं बघून समजतं. जानेवारी 2025 मध्ये थायलंडमध्ये एका स्पॅनिश पर्यटक तरुणीचा हत्तीला आंघोळ घालताना त्याच्याच हल्ल्यात मृत्यू झाला. ती जागा हत्तींचं 'केअर सेंटर' म्हणवून घेणारी होती.

नावावर जाऊ नये ते यासाठी. अभयारण्य हा आपल्याकडं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातला शब्द आहे, सरकारनं अधिसूचना काढल्याशिवाय जंगल अभयारण्य होत नाही. पर्यटनाच्या बाजारातला 'सँक्च्युअरी' हा शब्द मात्र पाटी रंगवणाऱ्याच्या मर्जीवर असतो.

मग मी शीटमधले रकाने बदलले. हत्ती रात्री कुठं असतो? दिवसा आपण बघतोच, पण साखळी असली तर ती बहुतेक वेळा संध्याकाळी पाच नंतर बांधली जाते. पायाखाली काय आहे, माती की काँक्रीट? हत्ती जंगलात रोज मैलोन्‌मैल चालतो. त्याला पक्क्या फरशीवर उभं ठेवलं की पहिल्यांदा पाय आणि नखं जातात. महादेवीच्या बाबतीत कोर्टापुढं आलेल्या अहवालांत पायांचं, नखांचं दुखणं, सांधेदुखी आणि जखमा यांचाच उल्लेख होता. मठाचं म्हणणं वेगळं होतं, आम्ही तिची काळजी घेत होतो असं त्यांनी सांगितलं.

पुढचा रकाना, सोबत कोण आहे? हत्तिणी जन्मभर आपल्या कळपात राहतात. आई, मावश्या, बहिणी, पिल्लं. एकमेकींशी त्या आपल्याला ऐकूही न येणाऱ्या खालच्या आवाजात बोलतात. नांदणीत महादेवीला माणसांची कमी नव्हती, पण तिच्या भाषेत बोलणारं तिथं कुणीच नव्हतं. त्यानंतर, हत्ती आले कुठून? सुटका करून आणलेल्या हत्तींच्या ठिकाणी दरवर्षी नवं गोंडस पिल्लू दिसत असेल तर ते येतं कुठून, हे विचारावं. आणि शेवटचा रकाना: आपण गेलोच नाही, तर हत्तीच्या दिवसात काय फरक पडेल? काहीच पडत नसेल, तर जागा बहुधा चांगली.

या रकान्यात मला सगळ्यात भावलं ते आपलं कमलापूर. गडचिरोलीतला हा महाराष्ट्रातला एकमेव सरकारी हत्ती कॅम्प. तिथले हत्ती मूळचे जंगलात लाकडं ओढायला आणलेले. दर हिवाळ्यात तिथल्या हत्तींना दहाएक दिवस सुट्टी मिळते. त्या काळात जडीबुटीच्या लेपानं त्यांचे पाय शेकले जातात, त्याला 'चोपिंग' म्हणतात, आणि कॅम्प पर्यटकांसाठी बंद असतो. आपली सुट्टी आणि हत्तीची सुट्टी एकाच वेळी आली तर तिथं हत्तीची चालते. पण कोल्हापूरहून गडचिरोली म्हणजे महाराष्ट्राचं एक टोक ते दुसरं टोक, लहान पोरांना घेऊन जमेना.

एका भावानं ग्रुपवर टाकलं, "भावा, एवढं कशाला? चंदगडला जाऊ की. हत्ती फुकटात."

गंमत सोडली तर मुद्दा खरा आहे. 2002 च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरले, आणि तेव्हापासून चंदगड, आजऱ्याच्या शिवारांतही ते ये-जा करतात. साखळी नाही, माहूत नाही, तिकीट नाही. आमच्या जिल्ह्यातले खरे मोकळे हत्ती तेच. पण तिथला शेतकरी ऊस, केळी, माडाचं नुकसान सोसतो आणि रात्र रात्र जागून काढतो. दोडामार्गच्या मोर्ले गावात एप्रिल 2025 मध्ये एका शेतकऱ्याचा हत्तीच्या हल्ल्यात जीव गेला. अशा ठिकाणी मोबाइल घेऊन हत्तीमागं फिरायला जाणं म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या संकटात जत्रा भरवणं. चंदगड यादीतून गेलं.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. हात लावू देणारी ठिकाणं बाद, लांब ठेवणारी पास. पण आत्यानं एक व्हॉइस नोट पाठवली आणि शीट अडली.

"आरं, हात लावू नका म्हणतोस, ते पटलं. पण आमची म्हादेवी गेली ती आता आम्हाला दिसायची कधी, ते सांग की. ती बरी हाय म्हणत्यात. म्हणत्यात कोण? ज्यांनी नेली तीच."

हे वाक्य भावनेच्या भरातलं म्हणून मला सोडून देता आलं नाही. वनतारा तिकीट काढून बघता येणारं प्राणिसंग्रहालय नाही. सर्वसाधारण माणसाला तिथं जाता येत नाही. माझ्या रकान्यांच्या हिशेबानं हे उत्तमच, बघ्यांचा त्रास शून्य. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या विशेष तपास पथकानं सप्टेंबर 2025 मध्ये वनताराच्या कारभाराला क्लीन चिटही दिली. मग आत्याचा प्रश्न मिटला का? कायद्यानं मिटला असेल. पण तेहतीस वर्षं जी रोज दारात दिसायची, ती आता व्हिडिओत दिसते, आणि व्हिडिओ कुठला दाखवायचा हे दुसरं कुणीतरी ठरवतं. उच्च न्यायालयानं माणसांच्या धार्मिक वापराच्या हक्कापेक्षा हत्तिणीच्या चांगल्या आयुष्याचा हक्क वर ठेवला. ते मला मान्य आहे, आत्याला अर्धं मान्य आहे. पण ते चांगलं आयुष्य बघण्याचा हक्क कुणाला, हा प्रश्न उरतोच.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वनतारानं नांदणी परिसरातच हत्तिणीसाठी पुनर्वसन केंद्र उभारायचा प्रस्ताव दिला. तलाव, साखळीशिवाय फिरायला मोकळी जागा, मऊ वाळू, चोवीस तास डॉक्टर. ती यादी वाचताना मला वाटलं, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर चालणाऱ्या लोकांनी सह्यांपेक्षा मोठं काहीतरी मिळवलं. मोर्चा निघाला तेव्हा मागणी एकच होती, आमची हत्तीण परत द्या. प्रस्ताव आला त्यात मात्र ती मिरवणुकीत नव्हती, तलावात होती. आणि तलाव नांदणीत होता.

म्हणून शीटमध्ये मी आणखी एक रकाना जोडला: बाहेरच्या माणसाला बघता येतं का? हात लावायला नाही, नुसतं बघायला. कारण बंद दाराआड सगळं उत्तम चाललंय यावर विश्वास ठेवा, असं कुणीही सांगू शकतं. चांगलं ठिकाणही आणि वाईट ठिकाणही. हत्तीला आपल्या हातांची गरज नाही. पण आपल्यासारख्या चार त्रयस्थ डोळ्यांची गरज त्याला आहे. पाय सुजलेला दिसला तर विचारणारं कुणीतरी लागतं.

दोन्ही अटींत बसणारं आणि आम्हाला जमणारं ठिकाण निघालं मथुरेचं. वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेचं हत्ती केंद्र तिथं 2010 पासून आहे आणि 2018 मध्ये शेजारी हत्तींचं रुग्णालयही सुरू झालं. सर्कशीतून, रस्त्यावर भीक मागण्यातून, मिरवणुकांतून सोडवून आणलेले हत्ती तिथं आहेत. आधी वेळ घेऊन जायचं आणि लांबून बघायचं. सवारी नाही, आंघोळ नाही. तो काही हत्तींचा स्वर्ग नव्हे. म्हातारे, अधू, जंगलात परत सोडता न येणारे हत्ती तिथं उरलेलं आयुष्य काढतात. पण काय उरलंय ते येऊन बघा, एवढं ते म्हणतात. मिरजेहून गोवा एक्सप्रेस थेट मथुरेला जाते, सोबत आग्रा होतो, त्यामुळं ताजमहालवाल्यांचीही मतं मिळाली.

भाचीला सांगणं बाकी होतं. आंघोळ नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. मग तिनं विचारलं, "मग ते स्वतःच आंघोळ करतात का? मला बघायला मिळेल?" म्हटलं, त्यांच्या मनात आलं तर. यावर तिनं थोडा विचार केला आणि सांगितलं, की मग आपण तिथं जास्त वेळ थांबू या.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. तिथले हत्ती कुठनं कुठनं आणले, हे तिनं एकेक करून विचारलं. मग म्हणाली, "त्यास्नी नेलं तवा तिकडं बी कोण रडलं असंल का रं?" मला सांगता आलं नाही. रात्री तिनं ग्रुपवर आधार कार्डाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, लोअर बर्थ बघ, आणि केळी चालत नसतील तर आधी सांग, नाहीतर मी घेऊन येईन.