खिडकी मिटली, घंटा चालू!

बालदोस्तांनो, संगणकाच्या पडद्यावर घड्याळाच्या शेजारी कधी नीट पाहिलंय का? तिथे चिमुकल्या चित्रांची रांग असते. आवाजाचा कर्णा, इंटरनेटची खूण, बॅटरी... १९९५ साली विंडोज ९५ आली, तेव्हापासून विंडोजमध्ये ही जागा आहे. तिला सगळे 'सिस्टिम ट्रे' म्हणतात. अ‍ॅपलच्या मॅकवर अशी चित्रं वरच्या पट्टीत उजवीकडे बसतात.

माझी या जागेशी गट्टी जमली ती आमच्या 'पाणीघंटे'मुळे. उन्हाळ्यात मुलं पाणी प्यायचं विसरतात आणि मग डोकं दुखतं म्हणून रडतात. म्हणून मी पायथन भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दर चाळीस मिनिटांनी तो टणटण वाजतो. पण संगणकावर चित्रं काढायला बसलेली मुलं फुली दाबून त्याची खिडकी बंद करत आणि घंटाही गप्प!

"बाई, घराची खिडकी लावली तरी आतली माणसं कामं करतातच की! मग घंटा का थांबते?" चौथीतल्या एका मुलीने विचारलं.

किती नेमका प्रश्न! खिडकी मिटणं वेगळं आणि प्रोग्रॅम थांबणं वेगळं. खिडक्या आणि बटणं बनवायला मी क्यूटी नावाचं तयार साहित्य वापरते. त्यात शेवटची खिडकी मिटली की प्रोग्रॅम आपोआप थांबतो; पण 'थांबू नकोस' असं त्याला एका ओळीत सांगता येतं. ती ओळ घातली. पण दिसत नाही आणि तरी वाजते, ही तर भुताटकीच झाली! थांबवायची कशी? म्हणून ट्रेमध्ये घंटेचं चित्र ठेवलं आणि त्याला मेनू जोडला. चित्रावर माऊसचं उजवं बटण दाबलं की तीन ओळी उघडतात : 'खिडकी दाखवा', 'तासभर गप्प' आणि 'बंद करा'. चाचणीच्या दिवशी मधली ओळ फार उपयोगी पडते हं!

शाळेतला दुसरा संगणक लिनक्सवर चालतो. क्यूटीचा प्रोग्रॅम विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे चालतो. पण लिनक्समधल्या नोम या मांडणीत ट्रेची चित्रं मुळात दिसतच नाहीत, त्यासाठी वेगळी जोडणी बसवावी लागते. मग आमची घंटा आधी विचारते, 'इथे ट्रे आहे का?' नसेल, तर ती लपतच नाही. फुली दाबली की सरळ विचारते, 'घंटा बंद करू का?'

पडद्याआड राहून काम करायला हरकत नाही. पण 'मी इथे आहे' हे सांगायला हवं आणि थांबवायची किल्ली वापरणाऱ्याच्या हाती हवी. नाही का?

आज आई-बाबांना सोबत घेऊन तो कोपरा पाहा. तिथे कोण कोण बसलंय, काय करतंय, ते वहीत लिहा. मात्र न विचारता कुणालाही 'बंद करा' म्हणू नका. त्यातलं एखादं तुमच्या संगणकाची राखण करत असेल!