दोन पत्र्यांचं कडं

एकाच रस्त्यावरून जाताना घड्याळ दोनदा चुकतं, असं कोणी सांगितलं तर तुम्हाला पटेल का? अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करत नाहीत. पण त्याच राज्यातल्या नावाहो लोकांच्या प्रदेशात करतात. आणि नावाहोंनी चारी बाजूंनी वेढलेल्या होपी लोकांच्या प्रदेशात पुन्हा करत नाहीत! विन्स्लो गावाहून आम्ही उत्तरेला निघालो तेव्हा माझी भाची गाडीत सारखी ओरडत होती, "मावशी, दहा वाजले. मावशी, अकरा! मावशी, परत दहा!"

शंभरेक किलोमीटर नुसता उजाड माळ. झाड म्हणून नाही. मग समोर सपाट माथ्याचे उंच कडे दिसू लागतात. आपल्या पाचगणीचं टेबललँड आठवा. इथे त्याला मेसा म्हणतात, स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थही टेबलच! पहिला मेसा, दुसरा मेसा, तिसरा मेसा, अशी सरळ नावं. तिसऱ्या मेसावरच्या जुन्या ओरायबी गावात सुमारे नऊशे वर्षं माणसं सलग राहत आली आहेत. गावात शिरताना पाटी असते : फोटो काढू नका, चित्रं काढू नका, आवाज टिपून घेऊ नका. भाचीने तोंड वाकडं केलं, पण कॅमेरा गाडीतच राहिला.

मला जुन्या चांदीचं वेड आहे. आजीच्या गोठ-तोड्यांपासून ते सुरू झालं. आदल्याच दिवशी मी रस्त्याकडेच्या एका दुकानात 'जुनं होपी कडं' घेतलं होतं. मधोमध टपोरा निळा पिरोजा, बाजूला पावसाच्या ढगांची नक्षी. ते हातात मिरवतच आम्ही दुसऱ्या मेसावरच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो.

आजोबांचं काम चालू होतं. चांदीच्या पातळ पत्र्यावर त्यांनी मक्याचं कणीस रेखलं होतं. बारीक भोक पाडून त्यातून केसासारखं करवतीचं पातं ओवलं आणि रेघेवरून कापत कापत कणसाचा आकार काढून घेतला. मग तो भोकाचा पत्रा दुसऱ्या अखंड पत्र्यावर ठेवून डाख दिला. आत दिसणाऱ्या खालच्या पत्र्याला बारीक टोचे मारले, गंधकाच्या औषधाने सगळं काळं केलं आणि वरचा भाग घासून चकचकीत केला. झालं! काळ्या खड्ड्यात कणीस, भोवती पांढरी चांदी. जुन्या दागिन्यांत पुष्कळदा टोचे नसतात, नुसता गुळगुळीत काळा तळ असतो. म्हणून जुना दागिना मिळाला की तो औषधात बुडवून लखलखीत करायचा मोह आवरा हं! काळं गेलं की नक्षीच गेली.

ही पद्धत फार जुनी असेल असं मला वाटलं होतं. तसं नाही. होपींनी चांदीकाम शिकलं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला. सिक्यातला नावाच्या होपी माणसाला ते शेजारच्या झुनी जमातीतल्या कारागिराने शिकवलं. पुढे कितीतरी वर्षं होपींचे दागिने नावाहोंसारखेच दिसत. १९३८ साली फ्लॅगस्टाफच्या म्युझियममधल्या मेरी रसेल कोल्टन या चित्रकार बाईंनी होपी कारागिरांना सुचवलं, की तुमच्या मडक्यांवर, टोपल्यांवर, कापडांवर इतकी सुंदर नक्षी आहे, तीच चांदीत का आणत नाही? मग महायुद्ध आलं. १९४७ मध्ये लढाईवरून परतलेल्या होपी सैनिकांसाठी वर्ग निघाला. पॉल सौफ्की चांदीकाम शिकवत आणि फ्रेड काबोटी नक्षी. १९४९ मध्ये कारागिरांनी स्वतःची सहकारी संस्थाही काढली. हेच काबोटी पुढे दिल्लीच्या जागतिक कृषी प्रदर्शनासाठी १९६० मध्ये भारतात येऊन गेले, बरं का!

आता माझं कडं. मी ते आजोबांपुढे धरलं. ते काही बोलले नाहीत. भिंग माझ्याच हातात दिलं आणि शेजारी स्वतःचं कडं ठेवलं. त्यांच्या कड्याची कड पाहिली, तर दोन पत्र्यांमधली जोडाची रेघ दिसत होती. माझ्यात रेघच नाही! नक्षीचे कोपरेही वितळलेल्या साबणासारखे गोल. म्हणजे साच्यात ओतलेलं. आतल्या बाजूला कारागिराची खूण नव्हती. होपी कारागीर आपली खूण ठोकतात, पुष्कळदा ती कुळाची असते : अस्वल, मका, ढग. आपल्याकडे देवक असतं ना, तसंच काहीसं. आणि दुकानाची पावती काढून पाहिली, तर तिथे 'होपी' पुढे बारीक अक्षरात 'स्टाईल' लिहिलं होतं! परजातीचा माल अमेरिकन इंडियन कारागिराचा म्हणून विकणं १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यातून ही पळवाट.

"पण खडा तरी खरा असेल ना?" भाचीने विचारलं. खरा पिरोजा मऊसर, सच्छिद्र. तेल, साबण, घाम पितो आणि हळूहळू हिरवट होतो. माझा मात्र एकसारखा निळा, कुठे डाग नाही, छटा नाही. आजोबांनी मान हलवली. शिवाय या दोन पत्र्यांच्या कामात पुष्कळदा खडा नसतोच. खड्यांची खरी जादू केली ती चार्ल्स लोलोमा या होपी कलावंताने. तो तर अंगठीच्या आतल्या बाजूला, जिथे फक्त घालणाऱ्यालाच ठाऊक, तिथेही खडे बसवायचा.

मी हळूच विचारलं, तुमचं ते कडं विकणार का? आजोबा हसले. ते त्यांच्या वडिलांनी केलेलं होतं आणि नातीसाठी ठेवलेलं.

मग त्यांनी पॅरिसची गोष्ट काढली. एप्रिल २०१३ मध्ये तिथे होपींच्या सुमारे सत्तर पवित्र मुखवट्यांचा लिलाव झाला. होपींच्या दृष्टीने ते मुखवटे जिवंत आहेत, ते विकायचे नसतातच. होपींनी विरोध केला, कोर्टात गेले, तरी लिलाव झालाच. डिसेंबरात पुन्हा तसाच लिलाव निघाला, तेव्हा एका अमेरिकन संस्थेने गुपचूप चोवीस वस्तू विकत घेतल्या आणि परत करायचं ठरवलं. त्यातल्या एकवीस होपींच्या होत्या. म्हणजे चोरलेलं घर परत मिळायला कोणीतरी पैसे मोजायचे! मला, एका संग्राहकाला, हे ऐकताना खाली पाहावंसं वाटलं.

निघताना आजींनी निळ्या मक्याची पिकी दिली. तापल्या दगडावर हाताने पीठ फिरवून केलेली, कागदासारखी पातळ गुंडाळी. आपल्या मांड्यांची बहीण, पण कुरकुरीत.

मी आजोबांकडून एक छोटी नवी अंगठी घेतली. आत अस्वलाच्या पंज्याची खूण आहे. घरी आल्यावर भाचीने दोन्ही वस्तू एकाच डबीत ठेवल्या आणि कड्याखाली चिठ्ठी चिकटवली : 'ओतीव. खडा रंगवलेला. मावशी फसली.'