चिठ्ठी

आमचं मंठा आधी परतूर तालुक्यात होतं आणि परतूर परभणी जिल्ह्यात. 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला. कचेरी बदलली, तसा मोठा दवाखानाही बदलला. तरी म्हातारी माणसं पुढं बरीच वर्षं "परभणीला न्या" असंच म्हणायची. पोरं सांगायची, "बाबा, आपलं आता जालना हाये."

घरात कुणी पडलं की खेड्यात पहिला प्रश्न हाच असतो, न्यायचं कुठं? सरकारनं त्याचं उत्तर कागदावर करून ठेवलंय. पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र. तीस हजाराला प्राथमिक आरोग्य केंद्र. त्याच्यावर ग्रामीण रुग्णालय, ते आमच्या मंठ्यातच आहे. मग जालन्याचं जिल्हा रुग्णालय, आणि शेवटी औरंगाबादची, म्हणजे आताच्या संभाजीनगरची घाटी. 1946 साली भोर समितीनं सुचवलेल्या आराखड्यातून ही रचना आली. त्या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर नाशिकला जन्मलेले.

मला ही रचना पाहून घरातली उतरंड आठवते. फक्त इथं लहान गाडगं खाली आणि मोठा रांजण वर. खालचं गाडगं कच्चं निघालं, तर वरच्याचं काय होणार, हे कुणाही बाईला विचारा.

एका गाडग्यातून दुसऱ्यात जायचं तर चिठ्ठी लागते. विलायतेत 1948 पासून सरकारी आरोग्यसेवा आहे. तिथं साधारणपणे आपल्या भागातल्या डॉक्टरनं पाठवल्याशिवाय मोठा डॉक्टर बघत नाही. तातडीचं असलं तर गोष्ट वेगळी. आपल्याकडं तसं बंधन नाही. खोकला झालेला माणूसही थेट घाटीत जाऊन रांगेत उभा राहू शकतो, आणि राहतोही. त्याच रांगेत मागं एखादा खरा अडलेला उभा असतो. म्हणून चिठ्ठी असावी, या मताचा मी आहे. पण चिठ्ठी कशी लिहितात, त्यावर सगळं आहे.

चार-पाच वर्षांखाली भादव्यात माझा चुलतभाऊ कापसात खत टाकू लागला होता. बांधावर पायाला साप डसला. कुणी म्हणालं मारुतीपुढं बसवा, कुणी म्हणालं लिंबाचा पाला चारा. आम्ही त्याला मोटरसायकलवर मधी धरला आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात नेला. डॉक्टरीणबाई आमच्या नातीच्या वयाची. मी म्हणालो, "मॅडम, लवकर चिठ्ठी द्या, जालन्याला नेतो."

ती म्हणाली, "काका, चिठ्ठी देते. आधी इंजेक्शन चालू करू द्या. वाटेत काही झालं तर चिठ्ठीचा काय उपयोग?"

तिनं विषावरचं औषध सलाईनमधून सोडलं, 108 बोलावली आणि गाडी येईपर्यंत पुढच्या दवाखान्याला फोन लावला. कितीला डसलं, कितीला औषध दिलं, किती दिलं, सगळं चिठ्ठीत लिहिलं. पुढं पोचलो तर खाट तयार. सहा दिवसांनी भाऊ घरी आला. आता शेतात गमबूट घातल्याशिवाय जात नाही.

त्याच्या आधीची एक गोष्ट सांगायला जीव होत नाही, पण सांगतो. थोरल्या भावाची सून बाळंतपणात अडली. पहिल्या ठिकाणी सांगितलं, इथं सिझर होत नाही, पुढं न्या. दिली चिठ्ठी. दुसऱ्या ठिकाणी भुलीचे डॉक्टर नव्हते. दिली चिठ्ठी. तिसऱ्या ठिकाणी पोचलो तेव्हा फटफटलं होतं. आम्ही येणार हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. सून वाचली, लेकरू गेलं. भावाच्या खिशात शेवटी दोन चिठ्ठ्या होत्या. दोन्हीत एकच ओळ, पुढील उपचारासाठी पाठवत आहे. कुणी खोटं बोललं नव्हतं. सिझर होत नव्हतं हे खरं, भुलीचे डॉक्टर नव्हते हेही खरं. पण दोन्हीकडं कुणी फोन उचलला नाही. आमची रात्र गाडीत गेली.

आता दुसरी एक वाट झाली आहे, योजनेची. 2013 च्या शेवटी राजीव गांधी जीवनदायी योजना सगळ्या राज्यात आली, पुढं तिला महात्मा फुल्यांचं नाव दिलं. आधी पिवळं-केशरी रेशनकार्ड लागायचं. मग शेतकरी आत्महत्यांच्या 14 जिल्ह्यांत, म्हणजे आपल्या जालन्यातही, पांढऱ्या कार्डावाल्या शेतकऱ्याला सातबाऱ्यावर घेतलं. दीड लाखाची मर्यादा होती. 2023 ला शासनानं सगळ्या कुटुंबांना पाच लाख करायचं ठरवलं. त्याच साली 15 ऑगस्टपासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही बंद झाले. घाटीसारखी मेडिकल कॉलेजं मात्र त्यात नाहीत. पण योजनेलाही दार आहेच. दवाखाना यादीत पाहिजे, आजार यादीत पाहिजे, वरून मंजुरी पाहिजे. तातडीच्या वेळी ती फोनवर घेता येते, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. यादीतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. त्याला गाठल्याशिवाय पैसे भरायची घाई करू नये.

मी दहावी शिकलेला माणूस. पण गावात कुणाला पुढं न्यायची वेळ आली की पोरं मला फोन करतात. मी त्यांना रेशनकार्ड, आधार आणि जुने कागद एका पिशवीत घ्यायला सांगतो. आणि चिठ्ठी हातात घेताना डॉक्टरसाहेबांना तीन गोष्टी नम्रपणे विचारायला लावतो. इथं काय दिलं ते लिहिलंत का? आम्हाला लागतं ते तिथं आहे का? तिथं फोन केलात का?

परवा एका पोरानं हे विचारलं तर डॉक्टर आधी रागावले. मग त्यांनी फोन लावला.