आधी ताईंच्या हाती माती

काटोलच्या अंगणवाडी सेविकांचं प्रशिक्षण घ्यायचं असलं की मी आधी खुर्च्या बाजूला सारते. गुडघे दुखणाऱ्या एखाद-दोन ताईंपुरत्या ठेवते, बाकी सगळ्या सतरंजीवर. मग कालवलेली माती वाटते. वजनकाटा, रजिस्टर आणि 2021 पासून पोषण ट्रॅकरचं ॲप सांभाळणारे हात आधी बिचकतात. "मॅडम, काय बनवू?" मी गप्प. थोड्या वेळानं कुणाचा बैल उभा राहतो, कुणाची चूल, आणि गप्पा सुरू होतात. तेव्हा विचारते, मूल माती घेऊन बसलं की तुम्ही पहिलं काय म्हणता? "सफरचंद बनव." आणि त्यांचं त्यांनाच हसू येतं.

प्रशिक्षणातला मजकूर गावापर्यंत थोडाच पोचतो, रीत मात्र पुरती पोचते. 'खेळातून शिक्षण' हा विषय दिवसभर भाषणातून ऐकलेली सेविका मुलांनाही ओळीत बसवून भाषणच देणार. 2023 साली अंगणवाड्यांसाठी 'पोषण भी, पढाई भी' हा सरकारी कार्यक्रम आला. नाव चांगलंच आहे. पण पढाई म्हटलं की पालकांना पाटीवरचा 'अ' हवा असतो, आणि ती ओढ सेविकेच्याही मनात असते.

खेळातून शिकवण्याची वाट तशी जुनीच. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, पुढे काम कोसबाडला नेलं. सोबत अनुताई वाघ. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी त्यांनी शिंपले, पानं, बिया वापरल्या. काटोलला शिंपले कुठून आणायचे? इथे कपाशीची बोंडं आहेत, संत्र्याची वाळलेली सालं आहेत. (बिया अगदी लहानग्यांपुढे नकोत, थेट नाकात जातात.)

सर्वांत अवघड पाठ निरीक्षणाचा. एकाच मुलाकडे दहा मिनिटं पाहायचं आणि दिसेल तेवढंच लिहायचं. 'हुशार', 'हट्टी' हे शब्द बंद. एका ताईंनी लिहिलं, 'मुलगी चंचल आहे.' म्हटलं, तिनं केलं काय ते लिहा. मग उतरलं: मणी ओवताना तीनदा उठली, दाराशी जाऊन आली. लिहिता लिहिता त्याच म्हणाल्या, "तिची माय संत्रा तोडाले जाते नं मॅडम, गाडीची वाट पाहून राहिली असंन."

तिची चटई दाराजवळ टाकावी, असं बहुतेकींचं मत पडलं. एका जुन्या सेविकेला ते अजिबात पटलं नाही: "तिथं बसवली तं दिवसभर दारच पाहीन ते पोरगी."