गोधडीतले आकडे

आमच्या शाळेच्या कंपाउंडची रस्त्याकडची भिंत चाळीसेक फूट लांब आहे. समोरच फाटा, आणि दसरा झाला की मुकादमांचे ट्रॅक्टर-ट्रक इथेच येऊन थांबतात. बीड जिल्ह्यातला बालाघाटाच्या डोंगररांगेतला हा पट्टा. पाऊस बेभरवशाचा, जमीन मुरमाड. खरीप पदरात पडलं न पडलं की अर्धं गाव ऊसतोडीला निघतं. पत्रे, बांबू, भांडी, गोधड्या, एखादी शेळी, खुराड्यातल्या कोंबड्या आणि लहान लेकरं असं सगळं ट्रॉलीत चढतं आणि सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे, नाहीतर पार कर्नाटकात जातं. परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. तेव्हा या भिंतीसमोर कोण उभं राहणार आणि कधी, हे आधीपासूनच ठरलेलं होतं.

मी इथे चित्रकला शिकवते. गणिताचा पोर्शन मागे पडला की जो तास आधी जातो, तो माझा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की तेवढ्यापुरता माझा भाव वधारतो. पण रिकामा कोपरा आणि चार रंग मिळाले की मुलं जे बोलतात, ते बाकीच्या तासांना बोलत नाहीत. भिंतीचं बोलणं असंच एका जूनमध्ये निघालं. नववीचा वर्ग भरला तेव्हा दोन बाकं रिकामी होती. विचारायची गरज नव्हती. एका मुलीने मान खाली घालूनच सांगितलं, "तिचं झालं, मॅडम."

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ वर्षं पुरी होण्याआधी लग्न झालेल्या २१.९ टक्के निघाल्या. बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के. शहरातल्या बैठकीत हा आकडा पडद्यावर आला की लोक हळहळतात. आम्हाला तो हजेरीपटात दिसतो. कारणंही इथल्या पोरासोरांना ठाऊक आहेत. मुकादम उचल देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या पोराला कोण उचल देणार? त्याला बायको हवी. आणि सहा-सहा महिने आईबाप फडात असताना वयात आलेली मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची? हंगामी वसतिगृहं आहेत, आजी आहे. पण मोठ्या मुलीच्या बाबतीत आईबापाचा जीव कशावरच ठरत नाही. हुंडाही वयाबरोबर चढत जातो. हे सगळं ऐकल्यावर "शिक्षणाचं महत्त्व पटवून द्या" असं सांगणाऱ्या परिपत्रकाचं मला हसू येतं.

मुली म्हणाल्या, या लग्नांचं भिंतीवर काढू. मी म्हटलं, आधी कागदावर काढा.

जे आलं ते पाहून मी कपाळाला हात लावला. तुटलेली साखळी. उडणारं फुलपाखरू. तराजू, त्याच्या एका पारड्यात पुस्तक आणि दुसऱ्यात मंगळसूत्र. रडणारी नवरी, आणि शेजारी गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली गोरीपान मुलगी. पंचायत समितीच्या पोस्टरांवरून, मोबाइलवरून सगळं उतरवलेलं. त्या गोऱ्या मुलीसारखं आमच्या वर्गात कुणीच दिसत नाही. एकीने वारली काढू या म्हणून सुचवलं. महाराष्ट्रातली निम्मी शाळांची कंपाउंडं हल्ली वारली झाली आहेत. रंगाऱ्याला त्रिकोण जमतात आणि साहेबांना संस्कृती जपल्यासारखं वाटतं. मी मुलींना सांगितलं, वारल्यांच्या घरात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने जो चौक लिहितात, तो लग्नासाठीच. सवाशिणी तो लिहितात, आत पालघाट देवी बसते. जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रं त्या विधीतून बाहेर काढली, कागदावर आणली आणि जगभर नेली, ही गोष्ट वेगळी. पण बालविवाह नको म्हणायला आपण लग्नाचाच चौक उसना घ्यायचा? वर्ग खळखळून हसला आणि वारली मागे पडली.

मग एका मुलाने वहीच्या मागच्या पानावर काढलेलं दाखवलं. लाजतच. उसाचा फड, पाचटाची कोपी, तिच्या दाराशी बांबूला बांधलेली झोळी, झोळीतून बाहेर आलेला एक पाय. जरा पुढे मोळी डोक्यावर घेतलेली बाई, आणि तिची उंची झोळीशेजारच्या पोरीएवढीच. प्रमाण चुकलंय का, म्हणून मी विचारलं. "नाही मॅडम, मामी हाय ती. ती एवढीच हाय."

त्या दिवशी बाकीचे कागद आपोआप बाजूला पडले.

गोधडीची कल्पना आजीसोबत राहणाऱ्या एका मुलीची. भिंतीवर एक मोठी गोधडी काढायची, प्रत्येकाने एकेक ठिगळ रंगवायचं, म्हणजे कुणाचं चित्र मोठं आणि कुणाचं छोटं हा वाद राहणार नाही. डावीकडे माणसांनी भरलेली ट्रॉली, उजवीकडे फड, मधे गोधडी. ठिगळात काय काढायचं यावर बरेच दिवस घोळ चालला. शेवटी ठरलं की आईला विचारायचं, लग्न झालं तेव्हा तू किती वर्षांची होतीस, आणि तो आकडा ठिगळात लिहायचा.

हे सोपं वाटतं, पण नव्हतं. एक मुलगी दोनदा आईजवळ जाऊन तशीच परत आली. "ती म्हणली, तुला काय करायचंय." एकीच्या आईने आधी अठरा सांगितलं आणि रात्री दिवा मालवल्यावर हळूच तेरा म्हणाली. एका मुलाने आईला विचारलंच नाही, मावशीला विचारलं, आणि मावशी इतकं बोलली की तो दुसऱ्या दिवशी वर्गात गप्पच बसून राहिला. एकीची आजी म्हणाली, वय कुणाला ठावं, बाहत्तरच्या दुष्काळात लगीन झालं, रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते आन् तिथनंच नेऊन अक्षता टाकल्या. त्या आजीच्या ठिगळात आकडा नाही. तिथे हातोडी आहे आणि खडीचा ढीग.

नावं लिहायची की नाही यावर वर्गात भांडणच लागलं. मुलांचं म्हणणं, नावाशिवाय काय मजा? मुली उसळल्या. आईने विश्वासाने सांगितलेलं रस्त्यावर टांगायचं का? मी मधे पडले नाही. शेवटी ठरलं की नाव नाही, आडनाव नाही, आणि आपलं ठिगळ कुणी आपल्या हाताने रंगवायचं नाही. चिठ्ठ्या टाकायच्या, जो आकडा येईल तो. याहून शहाणा तोडगा मला सुचला नसता.

पावसाळ्यात भिंतीला रंग धरत नाही, आणि दसऱ्यानंतर आया गावात नसतात. मधे सापडतो तो नवरात्राचा काळ. भिंतीच्या बुडाला लोणा लागलेला होता. मुलांनी तारेच्या ब्रशने पापुद्रे खरवडले, धुऊन काढलं, वाळू दिलं, मग प्रायमर. गावात एक पेंटर आहेत. एके काळी तालुक्यातल्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या असायच्या; फ्लेक्स आला आणि ब्रश माळ्यावर गेले. मी परांचीसाठी बांबू मागायला गेले होते, तर ते स्वतःच आले. डिस्टेंपर स्वस्त पडेल असं मी म्हणताच म्हणाले, "मग पुढच्या जूनात भिंत पुन्हा कोरी समजा." बाहेरच्या भिंतीचं पांढरं इमल्शन आणि स्टेनरच्या बाटल्या हार्डवेअरवाल्याने उधारीवर दिल्या, आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून त्या फेडल्या. तांबडा आणि पिवळा ऑक्साइड ऊन सोसतात, गुलाबी-जांभळे उडून जातात, हे मुलं त्यांच्याकडून शिकली. म्हणून आमची गोधडी मातकट रंगांची आहे.

ठिगळांच्या चौकटी आखायच्या तर निळीत भिजवलेलं सूत दोघांनी दोन टोकांना ताणून धरायचं, तिसऱ्याने मधोमध चिमटीत पकडून मागे ओढायचं आणि सोडायचं. फट् आवाज होतो आणि सरळ निळी रेघ उमटते. ती चिमूट कुणी धरायची यावरून जेवढी मारामारी झाली तेवढी ब्रशवरूनही झाली नाही. अक्षरांचा धडा मात्र पेंटरकाकांचाच. मुलांनी यमक जुळवून दोन ओळींचं घोषवाक्य केलं होतं. काकांनी त्यांना रस्त्याच्या पलीकडे नेऊन उभं केलं आणि जाणारा एक ट्रॅक्टर दाखवला. "त्याच्यावर बसलेल्या माणसाचं किती वाचून होईल? चार शब्द. तेवढेच लिवा, पण हातभर लिवा." घोषवाक्य गेलं. राहिलं ते "मुलगी १८, मुलगा २१" आणि खाली चाइल्डलाइनचा १०९८. काका म्हणाले, बारकं अक्षर शाळेच्या आत लिवा, ज्याला थांबायला वेळ हाय त्याच्यासाठी. म्हणून गेटच्या आतल्या बाजूला कायदा आहे: २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने असं लग्न ठरवणारा, लावणारा आणि त्याला मदत करणारा यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गावात या कायद्याचा अधिकारी ग्रामसेवक असतो, हेही तिथे लिहिलंय. कित्येकांना ते तिथेच कळलं.

आकडे दिसू लागले तसं रस्त्यावरचं जाणं-येणं मंदावलं. १४, १३, १६, १५, पुन्हा १४, १२. पाण्याचे हंडे घेऊन जाणाऱ्या बाया थांबायच्या, पदर तोंडाशी घ्यायच्या, आपापसात कुजबुजायच्या. एक दिवस एक बाई सरळ परांचीखाली आली आणि वर बघत म्हणाली, "मपला आकडा कुठं हाय गं?" मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. सांगायचं नाही असं ठरलेलं. बाईने स्वतःच सगळ्या ठिगळांवरून नजर फिरवली, एका १३ वर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा आसंल. नसला तरी हाच." मग तिने आमच्या टाक्यांची खोड काढली. आम्ही पांढरा धावदोरा उभा-आडवा मारला होता, वहीच्या रेघांसारखा. "गोधडी कधी शिवली का तुम्ही? टाका कडंनं सुरू व्हतो आन् फिरत फिरत आत येतो." ब्रश तिच्या हातात गेला तो गेलाच. संध्याकाळपर्यंत आणखी तिघी-चौघी आल्या. त्या दिवसापासून टाके बायांनी घातले, पोरींनी फक्त रंगाचे डबे धरले. या साऱ्यात मला सर्वात मोलाचं वाटतं ते हेच. जनजागृती म्हणतात ती कोण कोणाची करत होतं, हे तिथे उभं राहून सांगता आलं नसतं.

विरोध झाला, पण अपेक्षेपेक्षा वेगळ्या जागी. आकड्यांवरून दोन-चार जण "गावाची बदनामी" म्हणत आले, पण आपल्याच आयाबहिणी ब्रश घेऊन उभ्या दिसल्यावर फारसं बोलता येईना. खरं बिनसलं ते मुकादमावरून. ट्रॉलीच्या पुढे मुलांनी एक मुकादम काढला होता: पांढरे कपडे, गळ्यात सोन्याची साखळी, पातळ मिशा. त्या मिशा गावातल्या एकाच्या मिशांशी जुळत होत्या, आणि काढणाऱ्याने त्या मुद्दाम जुळवल्या होत्या यात मला शंका नाही. ग्रामपंचायतीतून निरोप आला की पुसा. मुलं हट्टाला पेटली. मी त्यांना एवढंच म्हटलं की त्याच मुकादमाच्या उचलीवर तुमच्यातल्या निम्म्यांची घरं चालतात, आणि वसुलीचा दट्ट्या त्याच्यावर कारखान्याकडूनही असतो. एका मिशीला झोडपून काय साधणार? दुसऱ्या दिवशी त्यांनी चेहरा पुसला. राहिला फक्त एक हात, नोटांचं बंडल पुढे करणारा, आणि दुसऱ्या हातात वही. चित्र म्हणून ते आधीपेक्षा सरस झालं. मिशीवाला येऊन पाहून गेला. काही बोलला नाही.

भिंतीमुळे लग्नं थांबली असं मी म्हणणार नाही. एक थांबलं, तेही एका मुलीने आतल्या पाटीवरचं वाचून ग्रामसेवकाला गाठलं म्हणून. वडिलांनी अठरा पुरी होईस्तोवर लग्न करणार नाही असं हमीपत्र लिहून दिलं. दुसरं असंच थांबलं आणि मग मामाच्या गावी गुपचूप झालं. ती मुलगी आमच्याबरोबर भिंत रंगवायला होती. तिचं ठिगळ कोणतं ते मला माहीत आहे.

यंदा पावसाने बुडाचा फूटभर भाग पुन्हा सोलला. डागडुजी करावी लागणार, म्हणून नव्या नववीला घेऊन बसले, तर वाद वेगळाच निघाला. एक मुलगा म्हणाला, पाटीवर एकवीसपण लिहिलंय, मग गोधडीत फक्त आयाच का? बापांचं वय कुणी विचारलं? मुलींना ते आवडलं नाही. बापाच्या आकड्याने आईचा आकडा झाकला जाईल असं त्यांना वाटतं, आणि त्यांचं म्हणणं मलाही पटतं. पण मुलं थांबली नाहीत. एकाने कर्नाटकात तोडीवर असलेल्या वडिलांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मागे ट्रॅक्टरची घरघर. वडील म्हणाले, सतरा. कशापायी इचारतो? पोराने भिंतीचं सांगितलं. पलीकडून थोडा वेळ नुसतीच घरघर ऐकू आली. मग, "लिव. आन् म्हणावं मला बी कुणी इचारलं नव्हतं. कोयत्याला जोडी पायजे व्हती."

तळाची ओळ बापांची करायची की बाजूला वेगळी गोधडी काढायची, हे अजून ठरलेलं नाही. मुली वेगळीच्या बाजूने आहेत. पेंटरकाका म्हणतात, काहीही करा, पण आधी लोणा काढा.